वल्हांडण : स्वयंपाकघराने राखलेला इतिहास

गुढीपाडव्याच्या सकाळी कडुनिंबाचा पाला आणि गूळ एकत्र करून खाण्याची प्रथा मराठी घराघरांत आहे. आयुष्यात कडू आणि गोड दोन्ही वाट्याला येणार, हे त्या एका घासात सांगितले जाते. त्यानंतर थोड्याच दिवसांत, बहुधा चैत्र पौर्णिमेच्या आसपास, जगभरातील ज्यूधर्मीय घरांतही कडू आणि गोड एकाच घासात एकत्र येतात. तिथे कडू पाला गुलामगिरीची आठवण म्हणून खाल्ला जातो आणि तो खजुराच्या किंवा फळांच्या गोड मिश्रणात बुडवून खाल्ला जातो. या सणाचे हिब्रू नाव 'पेसाह', इंग्रजी नाव 'पासओव्हर' आणि मराठी नाव 'वल्हांडण'. वलांडणे म्हणजे ओलांडणे. मराठी बायबलने रूढ केलेला हा शब्द मूळ नावाचा अर्थ नेमका सांगतो.

सण म्हटला की देऊळ, पूजा, मिरवणूक असे चित्र डोळ्यांसमोर येते. वल्हांडणाचे मुख्य स्थान मात्र घर आहे आणि घरातही स्वयंपाकघर. आपल्या पूर्वजांचा इतिहास मुलाबाळांना सांगण्यासाठी ज्यू परंपरेने ग्रंथाइतकाच भरवसा ताटावर ठेवला. हा भरवसा किती सार्थ ठरला, याचा एक विलक्षण दाखला आपल्याच कोकणात आहे.

घाईत निघालेल्यांची भाकरी

वल्हांडणाची कथा बायबलच्या 'निर्गम' या ग्रंथातील आहे. इजिप्तमध्ये इस्रायली लोक फारोचे गुलाम होते. त्यांना मुक्त करण्याची मागणी मोशेने वारंवार केली. फारोने ती वारंवार नाकारली. इजिप्तवर एकामागून एक दहा संकटे आली. दहावे संकट प्रत्येक घरातील पहिल्या अपत्याच्या मृत्यूचे होते. ज्या घरांच्या दारांवर कोकराच्या रक्ताची खूण होती, ती घरे मृत्यूने ओलांडली, म्हणून सणाचे नाव वल्हांडण. त्याच रात्री निघण्याची आज्ञा झाली. पिठाचा गोळा फुगेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. तो तसाच घेऊन लोक निघाले आणि वाटेत त्याच्या बिनखमिराच्या भाकऱ्या भाजल्या.

हा सण हिब्रू पंचांगातील निसान महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे १५ तारखेला सुरू होतो. तिथी सूर्यास्तापासून मोजतात, त्यामुळे मुख्य सोहळा आदल्या संध्याकाळी असतो. हे पंचांगही आपल्या पंचांगाप्रमाणे चांद्रमासांचे आहे. ऋतूंशी मेळ राखण्यासाठी १९ वर्षांत ७ वेळा त्यात अधिक महिना धरतात. इस्रायलमध्ये हा सण सात दिवस, तर इतर देशांत परंपरेने आठ दिवस पाळला जातो.

आंबलेल्याला रजा

या दिवसांत घरात 'हामेत्स' असता कामा नये, हा मुख्य नियम आहे. गहू, बार्ली, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांपैकी कशाच्याही पिठाचा पाण्याशी संबंध येऊन ते आंबले, की ते हामेत्स झाले. पाव, बिस्किटे, केक, शेवया, बिअर हे सारे त्यात आले. नुसते खायचे नाही एवढेच नव्हे, तर ते बाळगायचेही नाही.

म्हणून कित्येक आठवडे आधीपासून साफसफाई सुरू होते. फडताळे रिकामी होतात, डबे घासले जातात, खिसे आणि मुलांची दप्तरेही झटकली जातात. अनेक घरांत या आठवड्याची भांडी वेगळी ठेवलेली असतात. सणाच्या आदल्या रात्री घरातील दिवे मालवून मेणबत्तीच्या उजेडात कोपरान् कोपरा शोधायचा. शोध निष्फळ ठरू नये म्हणून पावाचे दहा तुकडे मुद्दाम लपवून ठेवण्याची पद्धत आहे. सापडलेले तुकडे दुसऱ्या सकाळी जाळले जातात.

ज्याच्या दुकानात किंवा कोठारात धान्याचा आणि मद्याचा मोठा साठा असेल, त्याने काय करावे? यावर धर्मशास्त्राने शोधलेला मार्ग वाणिज्याच्या अभ्यासकांना मोलाचा वाटेल. हा साठा ज्यूधर्मीय नसलेल्या व्यक्तीला रीतसर करार करून, विसार घेऊन विकला जातो. हा करार दिखाऊ नसतो. कायद्याच्या दृष्टीने मालकी खरोखर हस्तांतरित होते. सण संपल्यावर उरलेली रक्कम न आल्यास माल मूळ मालकाकडे परत येतो. इस्रायलमध्ये सरकारी मालकीच्या साठ्यांचीही अशीच विक्री होते.

याच तयारीत आणखी एक जुनी प्रथा आहे. तिचे नाव 'गव्हाचे पैसे'. ज्यांना सणाचा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी समाजातील प्रत्येकाने वल्हांडणापूर्वी यथाशक्ती रक्कम द्यायची. शेजाऱ्याच्या घरी सणाची भाकरी नसेल, तर आपल्या घरचा सण पूर्ण होत नाही, ही त्यामागील धारणा.

अठरा मिनिटांची शिस्त

वल्हांडणाच्या आठवड्यात पावाची जागा 'मात्सा' घेते. मात्सा म्हणजे केवळ पीठ आणि पाणी. त्यात मीठ नाही, तेल नाही. पाणी पिठाला लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत ती भाजून झाली पाहिजे. त्याहून अधिक वेळ गेला, तर पीठ आंबू लागले असे मानतात. पोळी मऊ व्हावी म्हणून मराठी गृहिणी कणीक मळून अर्धा तास झाकून ठेवते. मात्सा करणाऱ्या हातांना नेमकी तीच मुभा नाही. मळायचे, लाटायचे, फुगू नये म्हणून टोचे मारायचे आणि लगेच कडक आचेवर टाकायचे, असे हे काम अनेक हातांनी मिळून, गप्पांना फाटा देऊन चालते. युरोपातील मात्सा कडक आणि कुरकुरीत असते. येमेनच्या ज्यूंची मात्सा मऊ, जवळजवळ पोळीसारखी असते.

मात्सा तयार करणारे यंत्र १८३८ च्या सुमारास फ्रान्समधील आल्सास प्रांतात निघाले आणि त्यावर पुढे धर्मपंडितांमध्ये मोठा वाद झाला. कारखान्यात तयार झालेल्या मात्साचे खोके आज जगभर मिळतात. तरीही हाताने थापलेल्या किंवा लाटलेल्या मात्साचा मान वेगळाच आहे.

बोलके ताट

पहिल्या रात्रीच्या विधिपूर्वक भोजनाला 'सेदर' म्हणतात. सेदर म्हणजे क्रम. 'हग्गादा' नावाच्या पोथीत हा क्रम दिलेला असतो. मध्यभागी ठेवलेल्या ताटातील प्रत्येक पदार्थ कथेचा एकेक भाग सांगतो. 'मारोर' म्हणजे कडू पाला. कुठे लेट्यूस, कुठे तिखट हॉर्सरॅडिश. लेट्यूसचा घास आधी गोडसर लागतो आणि कडवटपणा मागाहून जाणवतो. इजिप्तमधील वास्तव्यही तसेच आधी सुखाचे आणि मग जाचाचे झाले, असा अर्थ जुन्या पंडितांनी लावला आहे. 'हारोसेत' हे गोड मिश्रण विटांच्या गाऱ्याची आठवण देते, कारण गुलामांना विटा पाडाव्या लागत. हिरवी पालेभाजी वसंत ऋतूची. ती मिठाच्या पाण्यात बुडवतात, ते पाणी म्हणजे अश्रू. भाजलेले हाड हे जेरुसलेमच्या मंदिरात होणाऱ्या कोकराच्या बळीचे स्मरण, इ. स. ७० मध्ये रोमनांनी ते मंदिर उद्ध्वस्त केल्यावर बळी थांबला आणि ताटात हाड उरले. भाजलेले अंडे सणाच्या दुसऱ्या अर्पणाचे आणि गमावलेल्या मंदिराच्या शोकाचेही प्रतीक मानले जाते.

भोजनाच्या दरम्यान द्राक्षरसाचे चार प्याले घेतले जातात. पाचवा प्याला प्रेषित एलियाहूसाठी भरून ठेवतात आणि त्याच्या स्वागतासाठी दार उघडतात. मात्साचा एक तुकडा लपवून ठेवतात. तो शोधून आणणाऱ्या मुलाला बक्षीस मिळते, त्यामुळे जेवण लांबले तरी मुले जागी राहतात.

या सगळ्या मांडणीचा हेतू एकच आहे. घरातील सर्वांत लहान मुलाने विचारावे, की आजची रात्र इतर रात्रींपेक्षा निराळी का? हे प्रश्न विचारल्याशिवाय कथा सुरू होत नाही. ताट असे विचित्र मांडायचे, की मुलाला कुतूहल वाटलेच पाहिजे. शिक्षणशास्त्राची पुस्तके लिहिली जाण्याच्या कितीतरी आधी ही युक्ती योजली गेली.

देश तसा स्वाद

हामेत्स वर्ज्य झाल्याने स्वयंपाकात अडचण येते खरी, पण त्या अडचणीनेच अनेक उत्तम पदार्थांना जन्म दिला. पूर्व युरोपातील घरांत मात्साचा चुरा आणि अंडी एकत्र करून केलेले गोळे कोंबडीच्या सूपमध्ये सोडतात. त्यांचे हारोसेत सफरचंद, अक्रोड, दालचिनी आणि गोड द्राक्षमद्याचे असते. भूमध्य समुद्राकाठच्या घरांत भिजवलेल्या मात्साच्या थरांमध्ये मांस किंवा पालक भरून भाजतात. इराणी ज्यूंच्या घरी सेदरच्या वेळी पातीच्या कांद्याने एकमेकांना लटके फटके मारण्याची गंमत चालते. तो गुलामांवर उठणाऱ्या चाबकाचा अभिनय. मोरोक्कोतील ज्यू सण संपल्या रात्री 'मिमूना' साजरा करतात आणि पीठ पुन्हा घरात आल्याच्या आनंदात लोणी व मध लावलेल्या पातळ पोळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना खाऊ घालतात.

भाताविषयी मात्र एकमत नाही. पूर्व युरोपीय परंपरेने या आठवड्यात तांदूळ आणि कडधान्येही टाळली. मध्यपूर्व आणि भारतातील ज्यू घरांतून तांदूळ सामान्यतः चालत आला आहे, फक्त तो दाणा न् दाणा निवडून घ्यावा लागतो.

व्यापारानेही या आठवड्याची दखल घेतली. कॉफीच्या बिया म्हणजे कडधान्य, अशा समजुतीने अमेरिकेतील अनेक ज्यू घरांत वल्हांडणात कॉफी बंद असे. मॅक्सवेल हाऊस या कॉफी कंपनीने १९२३ मध्ये धर्मगुरूंकडून खुलासा मिळवला आणि १९३२ पासून हग्गादाच्या मोफत प्रती वाटण्यास सुरुवात केली. कॉफीच्या डब्याबरोबर मिळालेली ती पोथी पुढे पिढ्यान् पिढ्या घराघरांत वाचली गेली.

कोकणातील झाकलेले मडके

रायगड जिल्ह्यातील अलिबागजवळच्या नवगाव किनाऱ्यावर शेकडो वर्षांपूर्वी एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरागत कथा आहे. हे लोक कोकणात तेलाचा घाणा चालवू लागले. शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' असे नाव पडले. त्यांनी मराठी भाषा, कोकणी पेहराव आणि गावांवरून आडनावे स्वीकारली. पेणकर, रोहेकर, दिवेकर, तळकर अशी नावे बँकेच्या खातेवहीत वाचताना ती व्यक्ती ज्यूधर्मीय असेल, अशी शंकाही कित्येकांना येत नाही.

या समाजाकडे शतकानुशतके हिब्रू ग्रंथ नव्हते. प्रार्थनांपैकी 'शेमा' ही श्रद्धेची घोषणा तेवढी ओठांवर उरली होती. हग्गादा नव्हता, सेदर नव्हता, इजिप्तमधून झालेल्या सुटकेची कथाही विस्मृतीत गेली होती. तरीही फाल्गुनानंतरच्या महिन्यात एक सण पाळला जात असे. त्याचे नाव 'अनाशी ढाकाचा सण'. अनास म्हणजे आंबट द्रव साठवण्याचे मडके. त्यातील आंबटाचा उपयोग रोजच्या जेवणात होई. सणाच्या दिवसांत हे मडके झाकून ठेवायचे आणि त्यातले काही वापरायचे नाही, एवढाच नियम. तो का पाळायचा, हे सांगता येणारे कोणी उरले नव्हते. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेने इस्रायलांच्या इतिहासात या सणाची नोंद आहे.

येथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. हिब्रूत 'हामेत्स' म्हणजे आंबवलेले धान्य आणि 'होमेत्स' म्हणजे शिरका. दोन्ही शब्द एकाच धातूचे. मराठीतही 'आंबट' आणि 'आंबणे' यांचे नाते तसेच आहे. ग्रंथ हरवला, भाषा बदलली, पाव खाण्याची सवयही गेली. पण आंबलेल्यापासून आठवडाभर दूर राहायचे, हे सूत्र कोकणातील स्वयंपाकघरात टिकून राहिले. जे पोथीला जमले नाही, ते एका मडक्याच्या झाकणाने केले.

पुढे डेव्हिड रहाबी या गुरूने या समाजाला धर्माचरणाचे धडे दिले, अशी परंपरा सांगते. मुंबईत १७९६ मध्ये समाजाचे पहिले सिनेगॉग उभे राहिले. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिक्षक आले, हिब्रूचे शिक्षण सुरू झाले आणि १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा छापला गेला. १८७४ मध्ये पुण्यात मोझेस जेकब तळकर आणि आरन डॅनियल तळकर यांनी काढलेल्या हग्गाद्यात चित्रे आहेत. त्यांपैकी एका चित्रात साड्या नेसलेल्या स्त्रिया जमिनीवर बसून मात्सा करताना दिसतात. त्या चित्रातले घर इजिप्तचे नाही, युरोपचे नाही; ते आपल्याच मुलखातले आहे.

या घरांत सणापूर्वी भिंतींना रंगसफेदी होई आणि तांब्यापितळेच्या भांड्यांना नव्याने कल्हई लावली जाई. मसाले घरीच निवडून, कुटून नव्या डब्यांत भरले जात. मांस आणि दूध एकत्र न खाण्याच्या ज्यू नियमामुळे मटणाच्या रश्शात दह्यादुधाऐवजी नारळाचे दूध आले आणि कोकणच्या चवीशी ते सहज एकरूप झाले. द्राक्षमद्य नसे, म्हणून काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्यांचे सरबत करण्याची रीत पडली. हारोसेतच्या जागी आला खजुराचा शिरा. नाव शिरा असले, तरी त्यात रवा नाही. तो खजुराचा घट्ट पाक आहे.

खजुराचा शिरा असा करतात

अर्धा किलो बिया काढलेला खजूर स्वच्छ धुऊन, बुडेल एवढ्या पाण्यात रात्रभर भिजवावा. सकाळी त्याच पाण्यासह मंद आचेवर तो पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवावा. निवल्यावर मलमलच्या फडक्यात बांधून घट्ट पिळावा आणि चोथा बाजूला काढावा. उरलेला रस जाड बुडाच्या पातेल्यात पुन्हा मंद आचेवर ठेवून, खाली लागू न देता सतत हलवत आटवावा. मधासारखी दाट धार पडू लागली की उतरवावा. साखर घालण्याची आवश्यकता नाही. वाढताना वरून अक्रोड किंवा बदामाचे जाडसर कूट पेरावे. कामात अवघड असे काही नाही. वेळ आणि धीर मात्र लागतो. म्हणूनच हे काम पूर्वी चार घरच्या स्त्रिया मिळून करीत.

बगदादहून मुंबई, पुणे आणि कोलकात्यात येऊन स्थायिक झालेल्या ज्यू कुटुंबांत याच पाकाला 'हलेक' म्हणतात. कोचीनच्या ज्यूंमध्येही खजुराचाच पाक असे. कोचीनच्या घरांत वल्हांडणाची शुचिता विशेष कडक होती. तांदूळ आणि मसाले कित्येक आठवडे आधी निवडायला घेत, घरे रंगवली जात आणि विहिरीही उपसून घासल्या जात. तीन समाज, तीन भाषा; पण पाक एकच.

प्रश्न विचारणारे मूल

१९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यावर पुढील काही दशकांत बेने इस्रायल समाजातील बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. अश्दोद, लोद, रामला, दिमोना या गावांत मराठी बोलणारी घरे वसली आणि तेथे 'मायबोली' हे मराठी नियतकालिकही निघाले. भारतात आता ज्यूंची संख्या काही हजारांवर आली आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये या समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबागची इस्रायल आळी आणि तेथील सिनेगॉग आजही आहे. पण ज्या आळीत पूर्वी घराघरांतून भाजणीचा वास दरवळे, तेथे आता मोजकीच कुटुंबे उरली आहेत. अहमदाबादच्या लेखिका एस्थर डेव्हिड यांनी 'बुक ऑफ रेचल' या कादंबरीत कोकणातील अशाच एका एकट्या उरलेल्या स्त्रीची कथा पाककृतींच्या सोबतीने सांगितली. या कादंबरीला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे २०२१ मध्ये भारतातील ज्यूंच्या खाद्यपरंपरेवर त्यांचे स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध झाले.

पूर्वी हात होते आणि ग्रंथ नव्हते. आता ग्रंथ आहेत, खोक्यातील मात्सा आहे, पाकाची तयार बाटलीही मिळते. कमी झाले आहेत ते हात. पाक किती दाट झाला की उतरवायचा, मनुका किती वेळ भिजवायच्या, नारळाचे दूध रश्शात केव्हा सोडायचे, हे कागदावर पुरते उतरत नाही. ते पाहूनच शिकावे लागते. ही अडचण एकट्या बेने इस्रायलांची नाही. ज्या घरात आजीच्या हातचा एखादा सणाचा पदार्थ आता कोणालाच येत नाही, त्या प्रत्येक घराला ती समजेल.

हग्गाद्यात चार प्रकारच्या मुलांचा उल्लेख आहे. एक शहाणा, एक उद्धट, एक भोळा आणि चौथा, ज्याला प्रश्नच विचारता येत नाही. या चौथ्या मुलासाठी नियम असा, की त्याच्या प्रश्नाची वाट पाहू नये. मोठ्यांनी आपण होऊन सांगायला सुरुवात करावी. कोकणातील त्या पूर्वजांना प्रश्नही माहीत नव्हता आणि उत्तरही. तरी त्यांनी मडके झाकले आणि उत्तर येईपर्यंत ते झाकण उघडू दिले नाही. आज उत्तर ठाऊक असलेली माणसे आपल्यात आहेत. ती आहेत तोवर त्यांच्याजवळ चुलीपाशी बसावे, पाहावे आणि विचारावे.